कल्पनाशक्ती: आढळली नाही

काटेसाहेबांच्या मेंदूचा उजवा भाग बंद आहे, ही गोष्ट त्यांना भर सभेत, पडद्यावर चित्र लावून, सगळ्या हाताखालच्या माणसांसमोर सांगण्यात आली. बाजूला घेऊन हळूच सांगितली असती तर त्यांनी ती पचवलीही असती. वयाप्रमाणे माणसाचं काही ना काही बंद पडतंच. पण चारचौघांत सांगितल्यावर ते दुखणं राहत नाही, अपमान होतो.

काटेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात वरिष्ठ निरीक्षक होते. दुकानातले तराजू, कापडवाल्यांच्या पट्ट्या, दूधवाल्यांची मापं तपासायची आणि बरोबर असतील तर त्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. काटा तपासतात म्हणून आणि स्वभावानं काटेकोर म्हणून खात्यानं त्यांना हे नाव बहाल केलं होतं. चहात साखर घालतानासुद्धा ते चमचा बोटानं सपाट करून घेत. शीग लावलेला चमचा हे त्यांच्या लेखी माप नव्हतं, ते नुसतं मत होतं.

तर खात्यात एक प्रशिक्षण आलं. प्रशिक्षक तरुण होता, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि दर दोन वाक्यांनंतर तो टाळी वाजवून लोकांना जागं करायचा. "मेंदूचा डावा भाग हिशेबी! उजवा भाग स्वप्नाळू!" असं म्हणून त्यानं पडद्यावर एक काळंपांढरं चित्र लावलं. काय दिसतं ते सांगायचं होतं. काहींना आधी फुलदाणी दिसली आणि मग समोरासमोर असलेले दोन चेहरे. काहींना आधी चेहरे दिसले. टायपिस्ट बाईंना तर ते दोघं भांडून आता समेटाला आलेत, हेसुद्धा दिसलं.

"सर, तुम्हाला?" प्रशिक्षकानं काटेसाहेबांना विचारलं.

"फुलदाणी," काटेसाहेब म्हणाले. "तिचं तोंड डावीकडे जरासं जास्त पसरलंय. सदोष माल आहे."

"आणि चेहरे?"

काटेसाहेबांनी चष्मा पुसला. पुढे झुकले. मागे रेलले. एक डोळा मिटला, मग दुसरा. फुलदाणी जागची हलली नाही.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. महिन्याअखेरीला प्रशिक्षणाचा अहवाल प्रत्येकाच्या फायलीला लागला, आणि काटेसाहेबांच्या फायलीत लिहिलेलं होतं: तर्क उत्तम, शिस्त उत्तम, कल्पनाशक्ती आढळली नाही.

'कमी आहे' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. कमी असलेलं माणूस भरून काढतो. पण 'आढळली नाही' म्हणजे रीतसर शोध झाला, कोपरा न कोपरा धुंडाळला आणि हाती काही लागलं नाही, असा त्याचा अर्थ. त्यातून जनजागृती विभागाचं प्रमुखपद नुकतंच रिकामं झालं होतं. ज्येष्ठतेनं ते काटेसाहेबांकडेच यायचं. बाजारात प्रदर्शनं भरवायची, फलक लावायचे, लोकांना मापात फसवणूक कशी होते ते समजावून सांगायचं, अशी सगळी मनासारखी कामं होती. पण खात्याच्या नव्या संचालकबाई फाईल चाळून म्हणाल्या, "या जागेला कल्पकता लागते हो," आणि फाईल मिटली.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि कुठलीच भावना उकळीपर्यंत पोचू द्यायची नाही.

"यात नवीन काय?" ती म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही मला वजनकाटा दिला होतात."

"अचूक होता तो!"

"हो ना. तेच तर दुःख."

लेक मानसशास्त्र शिकत होती. तिनं वर मानही न करता सांगितलं, "बाबा, डाव्या मेंदूचा माणूस, उजव्या मेंदूचा माणूस असं काही नसतं. काही कामं एका बाजूला जास्त होतात, पण दोन्ही भाग मिळूनच सगळं चालवतात. तुमच्या त्या पांढऱ्या बूटवाल्याला सांगा."

"मग मला चेहरे का दिसले नाहीत?"

"कारण तुम्ही फुलदाणीची तपासणी करत बसलात."

विज्ञान आपल्या बाजूनं आहे हे ऐकून कुणालाही बरं वाटलं असतं. पण काटेसाहेब जन्मभर सरकारी नोकरीत होते. विज्ञानावर शिक्का नसतो आणि अहवालावर होता, हा फरक त्यांना पुरता ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी ते आस्थापना विभागात गेले. तिथल्या कारकुनाला नियम तोंडपाठ होते आणि माणसं कायम अनोळखी.

"शेरा खोडता येतो," कारकून म्हणाला. "कल्पनाशक्ती असल्याचा पुरावा जोडायचा. नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर. दोन प्रतींत."

"पण कल्पनाशक्तीचा पुरावा म्हणजे नेमकं काय?"

"त्याची तुम्हीच कल्पना करा," कारकून शांतपणे म्हणाला. "ती जमत नसेल तर अर्ज करू नका."

इथवर प्रकरण घरात आणि कार्यालयात होतं. पण बायकोनं लिफ्टमध्ये एका शेजारणीला सहज सांगितलं, आणि लिफ्ट वर पोचायच्या आत सगळ्या इमारतीला कळलं की काटेसाहेबांचा मेंदू अर्धाच चालतो. माणसाला ताप आला तर शेजारी फार तर औषध सुचवतात. मेंदूचं म्हटल्यावर मात्र प्रत्येकाला आपण तज्ज्ञ आहोत असं वाटू लागतं, कारण थोडाफार मेंदू प्रत्येकाजवळ असतो किंवा असल्याचा समज तरी असतो.

तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक पहिले आले. "डाव्या हातावर मेंदूच्या उजव्या भागाचा ताबा असतो," ते म्हणाले. "तेव्हा सगळं डाव्या हातानं करा. उजवा भाग धडपडून उठेल."

धडपड झाली, हे खरं. डाव्या हातानं दाढी करताना मिशीचं एक टोक गेलं. मिशी दोन्हीकडून सारखी हवी म्हणून काटेसाहेबांनी दुसरं टोक कापलं. ते जरा जास्त कापलं गेलं, म्हणून पुन्हा पहिलं. असा न्याय करता करता शेवटी नाकाखाली जे उरलं त्याला मिशी म्हणण्यापेक्षा स्वल्पविराम म्हणणं बरं. ते घेऊन ते कार्यालयात गेले आणि हजेरीपटावर डाव्या हातानं सही केली. शाईत पडलेली गोगलगाय कशीबशी घरी पोचावी, तशी ती सही दिसत होती.

पगार विभागानं त्यांची गैरहजेरी लावली.

"अहो, मी समोर उभा आहे!" काटेसाहेब ओरडले.

"उभे आहात," तिथले बाबू म्हणाले, "पण हजर नाही. सही तुमची नाही. आणि खरं सांगायचं तर मिशीही तुमची वाटत नाही."

डाव्या हाताची सही आपलीच असल्याचा अर्ज उजव्या हातानं लिहून द्यावा लागला. त्यावर साक्षीदार म्हणून टायपिस्ट बाईंनी सही केली आणि वर विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

मग समोरच्या काकूंचा सल्ला आला. त्यांच्या भाच्यानं कुठंसं ऐकलं होतं की रोज थोडं उलटं चालावं, डोक्याला नवे रस्ते फुटतात. काटेसाहेब जिन्यातून उलटे उतरू लागले. डोक्याला रस्ता फुटायच्या आधी पाठ जाऊन आदळली ती सोसायटीच्या अध्यक्षांवर. अध्यक्ष त्या वेळी नव्या सभागृहाच्या भिंतीसाठी रंगांचे नमुने घेऊन वर येत होते. ते नमुने खालच्या मजल्यापर्यंत गेले.

"पुढे बघून चाला!" अध्यक्ष गरजले.

"पुढेच बघत होतो," काटेसाहेब नम्रपणे म्हणाले. "चालत मागे होतो."

त्या दिवशी कमरेला मलम लावता लावता लेकीला त्यांची दया आली. तिनं टेबलावर कागद आणि पेन्सिल ठेवली, भिंतीवरून आजीचा, म्हणजे काटेसाहेबांच्या सासूबाईंचा फोटो काढून आणला आणि तो उलटा करून समोर उभा केला.

"हा असाच उलटा काढायचा. सरळ करून बघायचं नाही."

"मला चित्र येत नाही. मी माणूस काढला तर तो पंप दिसतो."

"कारण तुम्ही बघत नाही, आठवता. डोळा म्हटलं की डोक्यात डोळ्याची एक ठरलेली खूण असते, ती तुम्ही कागदावर चिकटवता. फोटो उलटा केला की डोळा डोळा वाटत नाही, नाक नाक वाटत नाही. नुसती रेघ, तिचं वळण आणि दोन रेघांतलं अंतर."

"अंतर?" काटेसाहेबांनी मान वर केली. इतक्या दिवसांत प्रथमच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

त्यांनी पेन्सिल हात लांब करून धरली, एक डोळा मिटला आणि ते मोजू लागले. इथून तिथपर्यंत अर्धी पेन्सिल. ही रेघ त्या रेघेपेक्षा किंचित तिरपी. इथं सावलीचा त्रिकोण, तिथं उजेडाचा तुकडा. आपण सासूबाई काढतोय हे ते पार विसरून गेले, आणि जावयाला इतकी मनःशांती क्वचितच लाभते. चहा गार झाला. दूधवाला बेल वाजवून कंटाळून गेला. शेवटी लेकीनं कागद उचलून सरळ केला.

बायको हातातला टॉवेल तसाच धरून बघत राहिली.

"ही आईच आहे," ती म्हणाली. "अगदी तिची नजर. ती ठरावीक नजर."

"कोणती?"

"तुमच्याकडे बघताना असायची ती."

चित्राची बातमी लिफ्टनं वर आणि जिन्यानं खाली गेली. दोनच दिवसांत अध्यक्ष स्वतः दारात हजर. मागचा प्रसंग त्यांनी मोठ्या मनानं गिळला होता. त्यांची मुदत संपत आली होती, नवं सभागृह तयार होत होतं आणि तिथल्या मधल्या भिंतीवर कुणाचं तरी चित्र असावं असं सभासदांना वाटत होतं, असं त्यांना वाटत होतं.

"फोटो लावला असता हो," ते म्हणाले, "पण फोटोत माझं व्यक्तिमत्त्व येत नाही."

काटेसाहेबांच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. कुठल्या बाजूला ते देव जाणे. सोसायटी ही नोंदणीकृत संस्था होती. तिला लेटरहेड होतं.

"काढतो," ते म्हणाले. "मात्र चित्र झाल्यावर एक प्रमाणपत्र द्यायचं. मला कल्पनाशक्ती आहे, एवढंच. दोन प्रतींत."

"दोन कशाला, चार घ्या!"

ठरलं. अडचण एकच होती. काटेसाहेबांना माणूस फक्त उलटा काढता येत होता आणि अध्यक्षांना फोटो चालत नव्हता, समोर बसूनच चित्र काढून घ्यायचं होतं. "आपण जरा डोकं खाली पाय वर करून बसाल का?" असं काटेसाहेबांनी आडवळणानं विचारून पाहिलं. अध्यक्षांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो प्रस्ताव सूचकानंच मागे घेतला.

तेव्हा उलटं होण्याची पाळी चित्रकारावर आली. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात अध्यक्ष खुर्चीत ताठ बसले आणि काटेसाहेब समोरच्या सोफ्यावर उताणे. पाय सोफ्याच्या पाठीवर टेकवलेले, डोकं खाली लोंबतंय, फळी छातीशी धरलेली. खिशातली चिल्लर पहिल्याच मिनिटाला जमिनीवर. चष्मा सारखा कपाळाकडे घसरायचा, म्हणून तो दोऱ्यानं बांधला. तेवढ्यात अध्यक्षांच्या पत्नी, इमारतीतल्या सगळ्यांच्या वहिनी, चहाचा ट्रे घेऊन आल्या. दारातच थबकल्या. पण बाई धीराची.

"भावोजी," त्यांनी विचारलं, "कप सुलटा देऊ की उलटा?"

सुरुवातीला अध्यक्ष चेहऱ्यावर एक स्मित आणून बसले. ते त्यांनी आरशासमोर तयार केलेलं असावं, कारण ते एका बाजूला जरा जास्त ताणलं जायचं. पण स्मित हे काही खुर्चीसारखं नाही, त्यावर फार वेळ बसता येत नाही. हळूहळू ते ओघळलं. वहिनी पलीकडे उभं राहून नळाच्या दुरुस्तीचं, भाचीच्या लग्नाचं, कुठलं कुठलं सांगायच्या. अध्यक्ष "हं, हं" म्हणायचे. काटेसाहेबांना खालून यातलं काहीच कळत नव्हतं. डोक्यात रक्त उतरलेलं, कानांत घूं घूं, आणि समोर नुसत्या रेघा, वळणं, अंतरं. माणूस म्हणून अध्यक्षांबद्दल त्यांना त्या वेळी काडीचंही मत नव्हतं. ते फक्त मोजत होते. अशा चारपाच बैठका झाल्या आणि मग एक दिवस त्यांची मान धरली, ती डावीकडे बघत्या अवस्थेतच राहिली. पण चित्र पुरं झालं होतं.

सभागृहाच्या उद्घाटनाला सगळी इमारत जमली. भाषणं झाली. अध्यक्षांनी स्वतःच चित्रावरचं कापड ओढलं.

चित्रातले केस डाव्या कानाशी उगम पावून टकलावरून लांबचा प्रवास करत उजव्या कानाशी टेकले होते. डावा कान उजव्यापेक्षा थोडा खाली होता. ओठ 'हं' म्हणण्याच्या बेतात होते. पण खरी गोष्ट डोळ्यांत होती. ते डोळे समोरच्याकडे रोखलेले होते आणि तरी केव्हाच दारातून बाहेर पडून चपला घालत होते.

"गळती!" तळमजल्यावरचे प्राध्यापक एकदम ओरडले. "माझ्या न्हाणीघराची गळती सांगायला गेलो होतो, तेव्हा हाच चेहरा होता! हाच!"

"पार्किंग!" मागून दुसरा म्हणाला.

"लिफ्टचा पंखा!" समोरच्या काकू किंचाळल्या.

ज्याला त्याला त्या चेहऱ्यात आपली तक्रार दिसू लागली. आधी हसू दबकं होतं. मग एका बाजूनं फुटलं आणि सगळ्या खुर्च्या हलायला लागल्या. अध्यक्ष हात वर करून म्हणत होते, "ऐका! ऐका! हे मी नाही!" काटेसाहेबांची मान आखडलेली, त्यामुळे त्यांना ना चित्र दिसत होतं ना अध्यक्ष. ते बाजूच्या खिडकीकडे बघत उभे होते, आणि लोकांना वाटलं की काय निर्विकार माणूस आहे.

प्रमाणपत्राचा विषयच संपला. उलट अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या लेटरहेडवर खात्याकडे तक्रार ठोकली. पुरावा मागायला गेले आणि गुन्हा लागू झाला, अशी काटेसाहेबांची गत. त्यांना जेवण जाईना. "मी कुणाचं काय वाईट केलं?" असं ते खिडकीला विचारत, कारण मान अजून तिकडेच होती.

दोन दिवसांनी आस्थापना विभागातून बोलावणं आलं. मेमो मिळणार, बदली होणार, अशी मनाची तयारी करून ते कारकुनासमोर तिरपे बसले, म्हणजे मान सरळ झाली. कारकुनानं पत्र मोठ्यानं वाचलं:

"'सदर चित्राचा वास्तवाशी सुतराम संबंध नसून, ते आपल्या अधिकाऱ्याच्या बेलगाम व विकृत कल्पनाशक्तीतून निर्माण झालेले आहे.'" मग त्यानं पत्र खाली ठेवलं. "लेटरहेड आहे. नोंदणी क्रमांक आहे. शिक्का आहे. कल्पनाशक्ती हा शब्द आहे. विकृत चालत नाही असं नियमात कुठं म्हटलेलं नाही. आणि एक प्रत संचालकबाईंना परस्पर आलेली आहे, म्हणजे दोन प्रती झाल्या. अभिनंदन. इथं सही करा. उजव्या हातानं."

काटेसाहेबांनी पत्र ओढून पुन्हा वाचलं. मग त्यांना घाम फुटला.

"पण हे खोटं आहे," ते म्हणाले. "त्या चित्रात कल्पना गुंजभरसुद्धा नाही हो! कान खरंच खाली आहे. मी मोजलाय. केस तसेच आहेत. मी मनाचं काहीच घातलं नाही."

"म्हणजे शेरा राहू द्यायचा?"

आयुष्यात या माणसानं खोट्या मापावर शिक्का मारला नव्हता. आता समोर त्यांचंच माप होतं आणि ते जास्त भरत होतं. पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. कारकुनानं जांभई दिली. शेवटी काटेसाहेब सही न करताच उठले आणि थेट संचालकबाईंच्या खोलीत गेले.

"मॅडम, मला कल्पनाशक्ती नाही," त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "समोर जे होतं तेच मी काढलं. तक्रार चुकीची आहे आणि शेरा बरोबर आहे."

संचालकबाईंच्या टेबलावर चित्राचा एक फोटो पडलेला होता. इमारतीतून तो कुणी पाठवला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या बराच वेळ तो बघत होत्या.

"हे गृहस्थ मला भेटायला आले होते," त्या म्हणाल्या. "काल. तक्रार घेऊन." त्यांनी तोंडावर रुमाल धरला. जरा वेळानं काढला. "प्रदर्शनात दुकानदारांची चित्रं लावली तर? माप मारताना चेहरा कसा होतो, ते लोकांना दाखवायचं. जमेल?"

"समोर असेल ते जमेल."

"मग जनजागृती विभाग उद्यापासून तुमच्याकडे. शेऱ्याचं मी बघते." काटेसाहेब सवयीनं शर्टाच्या खिशातली पेन्सिल चाचपत होते. संचालकबाईंचा हात नकळत केसांकडे गेला. "आणि एक करा. कार्यालयात पेन्सिल आणत जाऊ नका. पेन वापरा."

काटेसाहेब घरी आले तर वहिनी येऊन बसलेल्या. यांनी हात जोडले. "वहिनी, माझ्यामुळे तुम्हाला फार—"

"चित्र कुठंय?" वहिनींनी मधेच विचारलं. "ह्यांनी ते भिंतीवरून काढून तुम्हालाच भंगारात टाकायला सांगितलंय म्हणे. टाकू नका. मला द्या."

"जाळायला?"

"जाळायला कशाला? लग्न झाल्यापासून मी सांगतेय की बायको बोलायला लागली की ह्यांचा चेहरा असा होतो. कुणाचा विश्वास बसायचा नाही. माहेरी तर म्हणायचे, जावई किती मन लावून ऐकतात!" वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं की कसलं, ते काटेसाहेबांना मोजता येईना. "मला वाटायला लागलं होतं, मीच काहीतरी मनानं बघतेय."

वहिनींनी ते चित्र जेवणाच्या टेबलासमोर, अध्यक्षांच्या खुर्चीच्या बरोबर पुढे लावलं. अध्यक्षांनी खूप आदळआपट केली. पण मान वर केली की समोर स्वतःच, तेव्हा नाइलाजानं ते बायकोकडे बघून जेवू लागले. बघायला लागले म्हणून ऐकावं लागलं, आणि आठवड्याभरात त्यांच्या घरचा नळ दुरुस्त झाला.

ही बातमीही लिफ्टनं गेली. मग बायकांची रीघ लागली. "आमच्या ह्यांचं एक काढून द्या ना." "पेपर वाचतानाचं चालेल." "आईशी फोनवर बोलतानाचं काढा." इमारतीतले पुरुष मात्र काटेसाहेब दिसले की तोंडापुढे पिशवी धरून जिना चढू लागले. गळतीच्या नावानं सगळ्यांत मोठ्यानं हसलेले तळमजल्यावरचे प्राध्यापक तर खिडकीला जाड पडदा लावून बसले. काटेसाहेबांना याचं जरा वाईट वाटे आणि जरा बरंही वाटे. जन्मभर दुकानदार त्यांना बघून माल झाकत आले होते. आता शेजारी चेहरे झाकू लागले, एवढंच.

रविवारी बायको उत्तरपत्रिका तपासत बसली होती. समोर काटेसाहेब नव्या विभागाच्या योजना तिला मोठ्या उत्साहानं सांगत होते. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की तिनं उत्तरपत्रिका केव्हाच बाजूला सारल्यात, एक कोरा कागद पुढे ओढलाय, आणि तपासायची लाल पेन्सिल हात लांब करून त्यांच्याच दिशेनं धरलीय.

"काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"बसा तसेच."

"तुला येतं?"

"बघू या."

"मग तुला उलटं..."

"काही नको. उलटं, सुलटं, सगळीकडून बघितलंय तुम्हाला."

काटेसाहेबांनी पाठ ताठ केली. हळूच पोट आत घेतलं.

"पोट सोडा," ती कागदावरची नजर न काढता म्हणाली.

त्यांनी पोट सोडलं. पेन्सिल सरसर चालू लागली. कपाळावर घाम आला, पण पुसायची सोय नव्हती. समोर बसलेल्या माणसाचं काय होतं, हे त्यांना आता कळत होतं. आपलं नेमकं काय दिसत असेल? टक्कल? हनुवटी? की आणखी काही, जे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं आणि हिला मात्र रोज चहाबरोबर दिसत आलं होतं?

"कान नीट येताहेत का?" न राहवून त्यांनी विचारलं.

"कान उत्तम आहेत. फारसे वापरलेले नाहीत."

लेक पाण्याचा पेला घेऊन मागून चालली होती. तिनं आईच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पेला तोंडाला लावला होता तो तिनं घाईघाईनं दूर धरला आणि ती आतल्या खोलीत पळाली. आतून उशीत तोंड खुपसून हसण्याचा आवाज आला.

आता मात्र धीर संपला. काटेसाहेब खुर्चीतून अर्धे उठले, मान लांब केली आणि कागदावर नजर टाकली. बराच वेळ ते तसेच, अर्धे बसलेले, अर्धे उभे राहिले.

"मी असा दिसतो?"

"असेच दिसता."

"नेहमी?"

"बोलत असता तेव्हा."

"आणि तरी तू इतकी वर्षं..."

"बसा खाली. हलू नका म्हटलं ना," ती म्हणाली, आणि पेन्सिल पुन्हा हात लांब करून धरली. "अजून नाक राहिलंय."